माहेरचं गटार सासरी : आमच्या नगरपालिकेला खुलं पत्र

मा. नगराध्यक्ष, मा. मुख्याधिकारी आणि सर्व सन्माननीय नगरसेवक,

स. न. वि. वि.

गेल्या महिन्याच्या सर्वसाधारण सभेत आपण दोन विषय पाठोपाठ मंजूर केलेत. पहिला घाटाच्या सुशोभीकरणाचा : फरशी, रेलिंग, दिवे, आणि रोजच्या आरतीसाठी चौथरा. दुसरा, घाटाला येऊन मिळणारा नाला पाइपात घालून बंधाऱ्याच्या खाली सोडण्याचा. चर्चा झाली ती दिवे पिवळे की पांढरे यावर. नाल्याचा विषय चहाचे कप गोळा होत असताना निघाला आणि कप आत जायच्या आधी मंजूरही झाला. मी मागच्या खुर्चीत बसलो होतो. तेव्हा उठून बोलायला हवं होतं. बोललो नाही, म्हणून हे पत्र.

आपल्यापैकी बरेच जण मला ओळखता. फिल्टर हाऊसवर ३१ वर्षं काढली. शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पत्र बाहेरचेही वाचणार आहेत, आणि धोमपासून हरिपूरपर्यंत कृष्णाकाठच्या कुठल्याही गावाला ते आपल्यालाच लिहिलंय असं वाटलं तर माझी हरकत नाही.

आधी पाण्याचं सांगतो, कारण ते मला येतं.

लोकांना वाटतं, पावसाळ्यातलं गढूळ पाणी शुद्ध करणं सर्वांत अवघड. तसं नाही. जुलैत जॅकवेलमधून (नदीचं पाणी उचलायच्या विहिरीतून) चहासारखं पाणी येतं, पण त्यात बहुतेक माती असते. तुरटी वाढवायची, गाळ बसू द्यायचा, फिल्टर पुन्हापुन्हा धुवायचे, काम होतं. अवघड असतो तो एप्रिल. नदी आरशासारखी दिसते, तळातला गोटा दिसतो, आणि क्लोरीन टिकत नाही. सकाळी नेहमीचा डोस द्यावा आणि टाकीवर जाऊन ओ.टी. घ्यावी (क्लोरीन शिल्लक असेल तर नळीतलं पाणी पिवळं होतं), तर नळीत पिवळेपणाचा पत्ता नाही. डोस वाढवा, तरी नाही. दुप्पट करा, तेव्हा कुठं फिकट पिवळी झाक. हे कशानं होतं ते कळायला मला पहिली दोन वर्षं गेली. बंधाऱ्याला बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातलेले, नदी वाहत नाही, धरणातून पाणी सुटत नाही तोवर हलतही नाही. वरच्या गावांचं सांडपाणी त्यात साचलेलं. लघवी-मैल्यातून आलेला अमोनिया आणि बाकीची घाण क्लोरीन खाऊन टाकते. जंतू मारायला तो उरतच नाही. शेवटच्या नळाला लिटरमागं किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा असा नियम आहे. हा ०.२ गाठायला एप्रिल-मे महिन्यांत आम्ही काय काय केलं ते आमचं आम्हाला माहीत.

आमच्या खात्यात ओटी म्हणजे ही क्लोरीनची तपासणी. घाटावर ओटी म्हणजे खण, नारळ, तांदूळ, हळकुंड. सुशोभीकरणाच्या चित्रात नदीची ओटी भरणाऱ्या बाया छान रंगवल्या आहेत. दुसऱ्या ओटीचं चित्र कुणी काढत नाही.

तीस वर्षं मी वरच्या गावांना शिव्या दिल्या. (रजिस्टरमध्ये 'आवक पाण्यास दुर्गंधी' एवढंच लिहायचो, शिव्या तोंडी.) आणि तीस वर्षं आपलं गटार खाली जात होतं, तिकडं एकदाही मान वळवून बघितलं नाही. हे आधी कबूल करतो, म्हणजे पुढचं लिहायला तोंड राहील.

माझी मुलगी खालच्या अंगाला चार किलोमीटरवर दिली आहे. त्यांच्या गावाची योजना ग्रामपंचायतीची. नदीकाठी विहीर, मोटर, वर टाकी, आणि शिपाई बादलीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) कालवून टाकीत ओततो. एवढंच शुद्धीकरण. गाळण नाही, तुरटी नाही, ओ.टी. घेणारा कुणी नाही. गेल्या उन्हाळ्यात तिचा फोन आला, "अण्णा, पाण्याला वास येतोय. तुरटी फिरवू का?" मी म्हटलं, तुरटीनं वास जात नाही, उकळून प्या. ती म्हणाली, "गॅस काय भावानं मिळतो?" मग नातवाच्या शाळेचं बोलणं निघालं आणि विषय तिथंच राहिला. वास कुठून येतोय ते मला माहीत होतं. मी ते लेकीला सांगितलं नाही. आपल्या गावाची लाज वाटली.

आता आपण ठरवलंय की नाला घाटावर नको, बंधाऱ्याखाली सोडायचा. बंधाऱ्यापासून तिच्या गावाच्या विहिरीपर्यंत मध्ये काय आहे? एक डोह आणि वाळू संपलेलं पात्र. आज निदान नाल्याचं पाणी बंधाऱ्याच्या फुगवट्यात थोडं मुरतं, पातळ होतं. पाइप झाली की ताजं, थेट, घरपोच. पाइपानं पाणी शुद्ध होत नाही. ते फक्त आपल्या नाकापासून लांब जातं.

किती पाणी, याचा हिशेब सभेत कुणी मांडला नाही, म्हणून मांडतो. वस्ती ४०,००० धरा. माणशी १३५ लिटर हे सरकारी माप. म्हणजे रोज ५४ लाख लिटर पाणी आपण वर उचलतो. त्यातलं ८० टक्के सांडपाणी होऊन परत येतं असं धरायची पद्धत आहे. झाले ४३ लाख २० हजार लिटर. १०,००० लिटरचा टँकर डोळ्यांपुढं आणा, तसे ४३२ टँकर. तासाला १८. रात्रीसुद्धा. सुशोभीकरणाच्या चौथऱ्यावर वीस मिनिटांची आरती व्हायची तोवर सहा टँकर खाली गेले.

या पाण्यात ९९ टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, हेही खरं. उरलेल्या एका टक्क्यापेक्षाही कमी भागानं नदी मरते. ती घाण खायला जिवाणू वाढतात आणि खाताना पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात. किती वापरतात ते मोजायचं माप म्हणजे बीओडी. नमुना २७ अंशांवर ३ दिवस ठेवतात आणि किती प्राणवायू गेला ते बघतात. कच्च्या सांडपाण्याची बीओडी लिटरला दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास किंवा वर असते. प्रक्रिया करून नदीत सोडायच्या पाण्याला आपल्यासारख्या गावांसाठी २०१७च्या केंद्राच्या अधिसूचनेनं घातलेली मर्यादा ३०. आणि जिथं माणसानं बुडी मारायची, त्या पाण्याची बीओडी ३ पेक्षा जास्त नको, प्राणवायू ५ पेक्षा कमी नको. घाटाच्या पायऱ्या कितीही गुळगुळीत करा, दोनशे, तीस आणि तीन हे तीन आकडे ध्यानात ठेवल्याशिवाय तो घाट फक्त फोटोपुरता राहील.

पावसाच्या तोंडावर बरगे काढतात तेव्हा काय होतं ते आपल्यापैकी किती जणांनी पाहिलंय? मी पाहिलंय. बंधाऱ्यामागं आठ महिने बसलेला काळा गाळ एकदम सुटतो. पहिला तासभर पाणी शाईसारखं. मग मासे वर येतात, पाण्याच्या कातडीला तोंड लावून आ वासतात. वाम, मरळ, सगळे. मरळ खरं तर वरची हवा घेऊन जगणारा मासा, तोसुद्धा काठाला आडवा पडलेला मी बघितलाय. पोरं घमेली घेऊन येतात. दुसऱ्या दिवशी पेपरात 'अज्ञात कारणाने मासे मृत' अशी चार ओळींची बातमी. आपल्या भागात बातमी अशीच लिहितात.

अशा वेळी बोट जातं साखर कारखान्यांकडं. जायलाही हवं. मळीचं पाणी सुटलं तर एका रात्रीत नदी जाते, आणि जो सोडतो त्याला सोडू नये. पण कारखान्याचा हंगाम चार-पाच महिन्यांचा. आपल्या नाल्याला हंगाम नाही, दिवाळीची सुट्टी नाही. कारखान्यावर मोर्चा न्यायला मीही येईन, पण जाताना चपलेला आपल्याच नाल्याचा चिखल नसावा.

आता गाऱ्हाणी. वैयक्तिक कुणावर नाहीत.

पहिलं, भुयारी गटार योजनेचा सविस्तर अहवाल माझ्या नोकरीतच दोनदा तयार झाला. दोन्ही वेळा मोजणीवाल्या पोरांना पंपहाऊसवर चहा मीच पाजला. एका अहवालात शुद्धीकरण केंद्राला जागा नाही म्हणून अडलं. दुसऱ्यात जागा होती, पण शेजारच्या वस्तीनं वासाच्या भीतीनं विरोध केला आणि निवडणूक जवळ होती. त्या वस्तीची भीती खोटी नव्हती. नीट न चालवलेलं केंद्र वास मारतंच. त्यांना कुणी चालू, बरं चाललेलं केंद्र नेऊन दाखवलं नाही, हे मात्र आपलं चुकलं.

दुसरं, मैल्याच्या गाडीचं. गटार योजना नाही म्हणजे घरोघरी सेप्टिक टाकी आहे. ती तुंबली की गाडी बोलवायची. तुंबली की! तोवर दहा वर्षं जातात, पंधरा जातात. टाकी गाळानं भरली की ती टाकी राहत नाही, नुसता वळसा होतो. मैला एका बाजूनं येतो, दुसऱ्या बाजूनं गटारात. आणि गाडी उपसलेला मैला कुठं रिकामा करते? मी पहाटे पाचला फिरायला जातो. ओढ्याच्या पुलावर गाडी कठड्याला पाठ लावून उभी असते, जाड नळी खाली सोडलेली, ड्रायव्हर मोबाइलवर भजन लावून बसलेला. त्याला मी विचारलं, इथं का? तो म्हणाला, "काका, दुसरीकडं कुठं ते सांगा, तिथं टाकतो." मला उत्तर देता आलं नाही. आपल्याला देता येतं का बघा.

उत्तर लांब नाही. वाईनं २०१८ पासून दर तीन वर्षांनी, ठरलेल्या वेळापत्रकानं प्रत्येक घराची टाकी उपसायला सुरुवात केली, तुंबायची वाट न बघता, आणि त्या मैल्यावर प्रक्रिया करणारं केंद्र उभं केलं. वाई काही मुंबई नाही. आपल्याच मापाचं, आपल्याच नदीवरचं, आपल्या वरच्या अंगाचं गाव आहे. एसटीनं सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं. आपल्या शिष्टमंडळानं सुशोभीकरण बघायला केवढा लांबचा दौरा काढला होता, ते मी इथं लिहीत नाही.

तिसरं म्हणजे माहिती. नाल्याच्या पाण्याची तपासणी होते की नाही, झाली तर आकडा काय आला, गावाला कधी कळत नाही. मी आत असताना मलाही कळत नव्हतं. माहितीचा अधिकार २००५ पासून आहे, अर्ज मी करीनही, पण नदीचं पाणी कसं आहे हे विचारायला दहा रुपयांचं तिकीट का लावावं?

चौथं आणि मला सर्वांत लागलेलं : खालच्या गावाला कुणी विचारलंच नाही. ठरावाची प्रत त्या ग्रामपंचायतीला गेली नाही. मी स्वतः जाऊन ग्रामसेवकांना विचारलं. त्यांना पाइपाचं काम रस्त्याचं वाटत होतं.

पैसे नाहीत हे मला माहीत असलेलं उत्तर आहे, मीही ते पुष्कळ वेळा ऐकून घरी गेलोय. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत आपल्यासारख्या शहरांसाठी पाणी आणि स्वच्छतेला बांधून दिलेला हिस्सा होता. ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियानाच्या दुसऱ्या टप्प्यात एक लाखाच्या आतल्या शहरांच्या सांडपाण्यासाठी वेगळी तरतूद आली. पैसा मागायला कागद लागतो, आणि आपला कागद दोनदा कपाटात गेला. चार वर्षं प्रशासक होते, मागायचं कुणाकडं हा प्रश्न होता. आता आपण निवडून आला आहात, तो प्रश्न मिटला.

शिवाय न करण्याचाही खर्च आहे. जलप्रदूषणाचा कायदा १९७४ चा, माझ्या नोकरीपेक्षा म्हातारा. सर्वोच्च न्यायालयानं २२ फेब्रुवारी २०१७ ला स्थानिक संस्थांनी तीन वर्षांत सांडपाण्याची सोय करावी असं बजावलं. हरित लवादानं तर १ एप्रिल २०२० नंतर नाल्यावर जागच्या जागी तात्पुरते उपायही केले नाहीत तर नाल्यामागं महिन्याला ५ लाख भरपाई सांगितली. ती भरत बसण्यापेक्षा नाल्यात कर्दळ आणि बोरू लावलेले वाफे उभे केलेले बरे. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनं फायटोरिड नावाची तशी पद्धत बसवून दिली आहे : खडीच्या थरातून पाणी जातं, मुळं आणि जिवाणू घाण खातात, वीज नावापुरती लागते. सगळ्या शहराला ती पुरणार नाही, जागा फार खाते. पण एका नाल्याला मोठं केंद्र होईपर्यंतचा आधार म्हणून चालेल.

मोठ्या केंद्राबद्दल एकच सांगतो, पंपावर आयुष्य गेलेला माणूस म्हणून. बांधणं सोपं असतं. नारळ एकदा फुटतो, वीजबिल दर महिन्याला येतं. हवा मारणारे ब्लोअर बंद पडले की जिवाणू मरतात, आणि मग ते केंद्र म्हणजे सिमेंटचं डबकं. म्हणून अंदाजपत्रकात इमारतीच्या आधी वीज, ऑपरेटर आणि गाळ उचलण्याचे पैसे दाखवा. दोन शिफ्टना दोन शिकलेली माणसं द्या, कुणाचा तरी भाचा नको.

मागण्या अशा :

१. बंधाऱ्याखाली नाला सोडण्याचा ठराव स्थगित करा. पाइप टाकायचीच असेल तर ती शुद्धीकरणाच्या जागेपर्यंत टाका, नदीपर्यंत नको.

२. तोवर नाल्याच्या तोंडाला लोखंडी जाळी, मागं गाळ बसायला टाकी आणि खडी-कर्दळीचे वाफे या पावसाळ्यानंतर लगेच हाती घ्या. जाळीवरचा कचरा रोज काढणारा माणूस नावानिशी नेमा.

३. मैला गाडीला रिकामं व्हायची जागा ठरवून द्या आणि पुलावर रिकामी करणं बंद करा. दर तीन वर्षांनी टाकी उपसण्याचं वेळापत्रक प्रभागवार लावा. त्यासाठी घरपट्टीत थोडी भर घातलीत तर पहिली पावती मी फाडीन.

४. घाटावर दिव्यांच्या शेजारी एक फळा लावा. त्यावर दर महिन्याला नाल्याची आणि नदीची बीओडी, नदीतला प्राणवायू, आणि मैल्यातल्या जंतूंची संख्या, मराठीत, लोकांना वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात. खाली 'अंघोळीस योग्य' किंवा 'अयोग्य'.

५. खालच्या ग्रामपंचायतीला सभेला बोलवा. बरगे काढायच्या आदल्या दिवशी त्यांना फोन जावा, म्हणजे त्यांचा शिपाई मोटर बंद ठेवील. याला निविदा लागत नाही.

६. भुयारी गटाराचा अहवाल कपाटातून काढा आणि गावापुढं वाचून दाखवा. शेजारच्या वस्तीतल्या दहा बायांना, पुरुषांना नव्हे, एखादं नीट चाललेलं केंद्र दाखवून आणा. त्या येऊन जे सांगतील ते गाव ऐकेल.

घाटाला माझा विरोध नाही. माझ्या आईचा दहावा त्याच पायऱ्यांवर झाला. कावळा शिवायला उशीर लागला म्हणून आम्ही तासभर बसून होतो, आणि तेवढा वेळ नाल्याच्या वासानं भटजींनी उपरणं नाकाला लावलं होतं. दिवे लावा, फरशी घाला. पैसे उरले तर नव्हे, नाल्याचं काम झाल्यावर.

पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर हे पत्र घ्यावं अशी विनंती आहे. एक प्रत खालच्या ग्रामपंचायतीला आणि एक मुलीला देत आहे. तिला वासाचं उत्तर द्यायचं राहिलं होतं.

ओ.टी.ची बाटली आणि रंगाची पट्टी मी निवृत्तीच्या दिवशी नवी विकत घेतली, खात्याची परत केली. दर रविवारी सकाळी सातला मी बंधाऱ्यावर असतो आणि तिथून तिच्या गावच्या टाकीपर्यंत चालत जाऊन नळाचं पाणी बघतो. आपल्यापैकी कुणाला यायचं असेल तर यावं. चपला नकोत, बूट घालून या.

आपला,
फिल्टर हाऊसचा एक निवृत्त ऑपरेटर